आधी सहा आठवडे माझ्या गॅलरीत

काल दुपारी लॅबमधून येऊन जेवायला बसले, तेवढ्यात बाणेरहून एका मुलीचा फोन आला. शनिवारी नव्या घराची वास्तुशांत आहे, पंधरा रोपं हवीत, पैसे आत्ताच पाठवते म्हणाली. गॅलरीत तेव्हा 104 रोपं होती. मी लेबलं बघून आले आणि तिला सांगितलं, "नऊ देता येतील. बाकीची अजून तयार नाहीत."

तिने फोटो आधीच बघितले होते. "पण ताई, ती तर किती मस्त दिसतायत!"

मस्तच दिसतायत. नर्सरीतून आलेलं रोप पहिल्या आठवड्यात जितकं सुंदर दिसतं, तितकं पुढचे दोन-तीन महिने दिसत नाही. हे मी फोनवर प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगत असते. काल सांगताना ताटातली आमटी गार झाली. म्हणून आज एकदाच सगळं नीट लिहून ठेवते आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, 19 वर्षं झाली. सकाळी सात ते दुपारी एक अशी वेळ. आम्ही कर्वेनगरात चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरी पूर्वेला, अकरा फूट बाय चार. सकाळी साडेनऊ-दहापर्यंत ऊन, मग दिवसभर स्वच्छ उजेड. घर घेताना मी स्वयंपाकघराच्या आधी गॅलरी बघितली होती, हे नवरा अजून पाहुण्यांना सांगतो.

झाडांचं वेड बाबांकडून आलं. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. दोन खोल्या, अंगण सगळ्यांचं, उजेड फक्त एका खिडकीतून. त्या खिडकीत बाबांनी हॉर्लिक्सच्या बाटलीत मनीप्लांट लावला होता. दर रविवारी बाटली घासायची, पाणी बदलायचं, मुळं उजेडाकडे धरून बघायची. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे ते आम्हा दोघी बहिणींना बसने घेऊन जायचे. लोक गुलाबांपुढे गर्दी करायचे आणि बाबा पानांच्या झाडांपाशी उभे. फूल चार दिवसांचं असतं, पान बघायला शिका, म्हणायचे. माझं लग्न झालं तेव्हा त्या मनीप्लांटचा हातभर वेल त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. तो वेल आजही माझ्याकडे आहे. त्याची कटिंग मी विकते, तो विकत नाही.

बरीच वर्षं मी नुसती वाटत होते. लॅबच्या रिसेप्शनवर, बहिणीच्या ऑफिसात, मुलाच्या शाळेतल्या बाईंना. कोणी घरी आलं की जाताना हातात एक बाटली. 2021च्या पावसाळ्यात लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेल्या एका काकांनी रिसेप्शनवरचं सिंगोनियम बघितलं आणि अगदी तसंच हवं म्हणाले. फुकट घ्यायला तयार होईनात. पन्नासची नोट टेबलावर ठेवून गेले. घरी येऊन आईंना, म्हणजे सासूबाईंना सांगितलं. त्यांची सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात हिशेब लिहिण्यात गेली. त्यांनी लगेच एक जुनी वही काढली, पानावर रेघा मारल्या आणि लिहिलं, "सिंगोनियम 1, जमा 50." ती वही आजही त्याच लिहितात. पुढे त्यांनी त्यात एक रकाना वाढवला, त्याचं नाव "गेलं". मेलेली रोपं तिथे. सुरुवातीला मला तो रकाना बघवायचा नाही. आता आधी तोच बघते.

खरी गोष्ट 2022च्या जूनची. मागणी वाढली आणि घरची कटिंग पुरेनात. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे निघालं की दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या लागतात. तिथल्या एका ठिकाणाहून मी 60 रोपं घेतली: सिंगोनियम, ॲग्लोनेमा, पीस लिली, थोडे फायकस. इतकी तजेलदार पानं होती की टेम्पोत भरताना सारखा हात फिरवावासा वाटत होता. घरी आणून कुंड्या पुसल्या, फोटो काढले आणि आठ दिवसांत 52 विकली. आयुष्यात पहिल्यांदा आठवड्याभरात इतके पैसे मी नोकरीबाहेर कमावले होते.

तिसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. ताई, पानं पिवळी पडतायत. ताई, फायकसची पानं झडून नुसत्या काड्या राहिल्या. ताई, पाणी रोज घालतेय तरी पीस लिली मान टाकतेय. कोणी चिडून बोललं नाही, ह्याचंच जास्त वाईट वाटलं. एक आजी तर मलाच धीर देत होत्या, की माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत गं, तुझा काय दोष. हाताला झाड लागत नाही, हे पुण्यातल्या निम्म्या घरांत ऐकलंय मी. त्या आजींच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं. मी त्यांना अर्ध्या प्रवासातलं झाड दिलं होतं.

त्यांच्याकडून मी पीस लिली परत आणली. संध्याकाळी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी धरली, कडेने हलके ठोकून रोप बाहेर काढलं. वरची बोटभर माती कोरडी आणि खालचा सगळा गोळा पिळला तर पाणी निघेल इतका ओला. तो नुसत्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा होता. गोळा पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू सोडवत गेले. बाहेरची मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली की साल निघून आत दोऱ्यासारखा धागा राहायचा. कुजलेलं मूळ हे असं ओळखायचं. मग आत काहीतरी कडक लागलं. रोपाच्या बुंध्याभोवती पातळ जाळीची पिशवी होती, लिंबाएवढी. रोप अगदी लहान असताना त्यात लावतात, मोठ्या प्रमाणावर रोपं करायची तर ते सोयीचं असतं. पुढे कोणी ती काढत नाही. मुळं जाळीच्या भोकांतून बाहेर आली होती आणि त्या भोकांपाशीच आवळली गेली होती. मी नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापला. पाऊण तास लागला. आत मधोमध तीन पांढरी, टणक मुळं शिल्लक होती. त्या तिघांवर ते झाड जगलं. आजींच्या देवघराशेजारी अजून आहे.

नर्सरीवाल्यांनी फसवलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांचं काम रोप वाढवण्याचं, ते त्यांनी चोख केलेलं असतं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारा बराच माल आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतो. तिथली हवा दमट आणि उबदार, वर हिरवी नेट किंवा प्लास्टिकचं छत, पाणी वेळच्या वेळी, खत हिशेबाने. अशा लाडात वाढलेलं रोप ट्रकमधून इथे येतं आणि एकदम आपल्या हॉलमधल्या टीव्हीशेजारी बसतं. खिडकीपासून आठ फूट आत किती उजेड पोचतो, ते आपल्या डोळ्यांना कळत नाही. डोळे सांभाळून घेतात, पानांना ते जमत नाही. भरपूर उजेडात तयार झालेलं पान कमी उजेडात स्वतःचा खर्चही भागवू शकत नाही. मग झाड जुनी पानं टाकतं आणि असेल त्या उजेडाला पुरतील अशी नवीन करायला घेतं. पानं झडणं म्हणजे दर वेळी मरण नव्हे. पण माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पाणी घालतो. उजेड कमी, पानं कमी, म्हणजे मुळं पाणीही कमीच ओढणार. त्यात रोजचं तांब्याभर पाणी. घरातली बहुतेक झाडं तहानेने जात नाहीत, ती अशी बुडून जातात.

तेव्हा ठरवलं, की हा अधला-मधला काळ रोपाने माझ्याकडे काढायचा, गिऱ्हाइकाकडे नाही. आणलेलं कुठलंही रोप सहा आठवडे झाल्याशिवाय विकायचं नाही.

सहाच का? लॅबमधल्या सवयीने मी प्रत्येक कुंडीला लेबल लावते. आमच्याकडे लेबल नसलेला नमुना हा नमुनाच धरत नाहीत. कुठून आलं, कधी आलं, कुंडी कधी बदलली, पहिलं नवं पान कधी उघडलं, हे सगळं दोन वर्षं लिहिल्यावर दिसलं की माझ्या गॅलरीत बहुतेक रोपं पाचव्या-सहाव्या आठवड्यात नवीन पान काढतात. मला त्या पानाशी मतलब. ते पुण्याच्या हवेत, पुण्याच्या पाण्यावर आणि घरातल्या उजेडात तयार झालेलं असतं. ते आलं म्हणजे झाड इथे राहायला तयार झालं. झीझी प्लांटसारख्या सावकाश जीवाला दहा आठवडेही लागतात, मग त्याची तारीख पुढे ढकलते.

पहिल्या दिवशी रोपं घरातल्या इतर झाडांपासून लांब, मागच्या बाल्कनीत. पानाची खालची बाजू आणि देठाचा खोबणा भिंगातून बघते. खोबण्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, पानाखाली बारीक जाळं आणि वर पिवळे टिपके असतील तर लाल कोळी. पाच मिली नीमतेल, लिटरभर पाणी, चमचाभर पातळ साबण, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. उन्हात फवारलं तर पान भाजतं. दहा-बारा दिवस काही निघालं नाही, मगच कुंडी बदलायची. माती माझी मी करते. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की सत्तर लिटरच्या आसपास होते, ती दोनदा धुवून घेते, कारण त्यात मीठ असतं. त्यात गांडूळखत, परलाइटचे पांढरे हलके खडे, जाळलेलं भाताचं तूस आणि मूठभर निंबोळी पेंड. मूठ वळली तर वळावी आणि बोट लावलं की मोडावी, इतपत हलकी. नंतरचे तीन आठवडे कुंडी दर आठवड्याला एकेक फूट आत सरकते: गॅलरीच्या कठड्यापासून रॅकवर, रॅकवरून दारात, दारातून हॉलमध्ये. आई हिला "झाडांची वरात" म्हणतात.

हे सगळं महाग पडतं, आणि ते मी लपवत नाही. चार इंची कुंडीतलं सिंगोनियम मला 40 रुपयांना मिळतं. कुंडी 15, माती 12, पेट्रोल आणि बांधणी मिळून 13. झाले 80. सहा आठवड्यांत आठातलं एक "गेलं"च्या रकान्यात जातं, तो भार उरलेल्या सातांवर टाकला की एक रोप 91 रुपयांना पडतं. मी 180ला विकते. तेच रोप रस्त्याकडेच्या हातगाडीवर 100ला मिळतं, हे मला माहीत आहे आणि विचारलं तर मीच सांगते. महिन्याला साधारण 70 रोपं जातात, निम्मी घरच्या कटिंगची. लोकांच्या घरी जाऊन कुंड्या बदलून देते, त्याचे वेगळे. सगळं मिळून 11 ते 12 हजार सुटतात, मे आणि डिसेंबरमध्ये त्याहून बरेच कमी. नोकरी सोडायचा विचार आज तरी नाही. माझा भाऊ म्हणतो, सहाचे दोन आठवडे कर, माल तिप्पट फिरेल. गणित त्याचं बरोबर आहे. पण दोन आठवड्यांचं रोप दिलं तर मी त्या हातगाडीवाल्याहून वेगळं काय देते? त्याच्याकडे तर ते 100ला मिळतं.

जिवंत रोपांवर जीएसटी नाही, आणि आमच्यासारख्या लहान विक्रीला त्याची नोंदणीही लागत नाही. उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी ऑनलाइन होते, फुकट. कागदपत्रांचं एवढंच, बाकी त्यात काही कठीण नाही.

कठीण होतं ते खालच्या मजल्यावरच्या काकूंचं. एप्रिल महिना, त्यांनी गॅलरीत साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि मी वरून पाणी घातलं. कुंड्यांतलं काळं पाणी थेट कुरडयांवर. दोन दिवसांची मेहनत. त्या वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि काही बोलल्याच नाहीत, नुसती साडी दाखवली. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी आई आणि मी त्यांच्याकडे जाऊन गव्हाचा चीक शिजवून पुन्हा कुरडया घातल्या. त्या आठवड्यात रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन प्लास्टिकचे मोठे ट्रे आणले, आणि तेव्हापासून पाणी वरून घालतच नाही. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी, कुंड्या वीस मिनिटं त्यात, मग निथळून रॅकवर. कोणाला पाणी हवंय ते कुंडी उचलून कळतं. भरलेली कुंडी आणि कोरडी कुंडी ह्यांच्या वजनातला फरक हाताला आठवड्याभरात पाठ होतो. मातीत बोट घालून बघण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. ही रीत मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला दारातच करून दाखवते.

पाण्यावरून एक सांगायचं राहिलं. खडकवासल्याचं नळाचं पाणी झाडांना मानवतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की पानांवर पांढरे डाग येतात आणि टोकं करपतात, स्पायडर प्लांटची सगळ्यात आधी. तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी निदान कॅलेथियांना तरी पुरवून वापरते. आणि थंडी. पुण्याच्या डिसेंबरमधल्या रात्रीला लोक गुलाबी म्हणतात, पण पारा दहा-अकरावर आला की ॲग्लोनेमाचं पान बर्फ लागल्यासारखं काळवंडतं. 2022च्या डिसेंबरात एका रात्रीत माझी अकरा गेली. आता दिवाळी झाली की ॲग्लोनेमा हॉलमध्ये आणि मुलाची सायकल जिन्यात.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक मात्र स्नेक प्लांटची. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट सगळ्यांना हवा असतो. हिरव्या पानाला दोन्ही कडांनी पिवळी किनार, इरकली लुगड्याच्या काठासारखी सरळ. माझ्याकडे एक जुनी भरलेली कुंडी होती. एक पान कापलं की तीन-तीन इंचांचे पाच-सहा तुकडे होतात, खालची बाजू खालीच ठेवून वाळूत रोवायचे, मुळं फुटतात. मी वीस तुकडे लावले आणि त्या भरवशावर दहा जणांना शब्द दिला. तीन महिन्यांनी मुळं आली. सात महिन्यांनी मातीतून पहिला कोंब वर आला. टोकदार, घट्ट गुंडाळलेला, आणि पूर्ण हिरवा. वाटलं, मोठा झाला की किनार येईल. दुसरा आला, तिसरा आला, सगळे हिरवे. जुन्या तुकड्यावर पिवळी कड तशीच ठळक होती आणि त्याच्या पायाशी उभ्या बाळाच्या अंगावर पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही.

मग वाचलं, विचारलं, तेव्हा समजलं. त्या पानात दोन वेगळ्या घडणीच्या पेशी शेजारी-शेजारी नांदत असतात. कडेच्या पेशींत हरितद्रव्य तयार होत नाही, आतल्या पेशींत होतं. पानाच्या तुकड्यातून नवीन कोंब निघतो तो आतल्या हिरव्या भागातून, म्हणून काठ मागेच राहतो. काठासकट झाड हवं असेल तर जमिनीतला कंद फोडून पिल्लूच वेगळं करावं लागतं, आणि एक कुंडी वर्षाला दोन-तीनच पिल्लं देते. मी दहाही जणांना फोन करून खरं काय ते सांगितलं. सात जणांनी पैसे परत घेतले. तिघे म्हणाले, हिरवं चालेल. त्यातल्या एका काकांनी वर विचारलं, की म्हणजे हे मूळ रूपावर गेलं म्हणायचं का? मला तो शब्द फार आवडला. त्या हिरव्या रोपांची लेबलं मी तशीच लिहिते, "मूळ रूप".

आणखी एक गोष्ट मी विकत नाही, ती म्हणजे शुद्ध हवा. "एअर प्युरिफायर प्लांट" अशी चिठ्ठी लावली तर तेच रोप 50 रुपये जास्तीने जातं, हे मी बघितलंय. ही समजूत 1989 मधल्या नासाच्या एका अभ्यासावरून पसरली. तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता, आणि आपलं घर बंद पेटी नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले. दारं-खिडक्यांतून हवा जितकी आपोआप बदलते तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे माझी सगळी गॅलरी एका खोलीत कोंबूनही बहुधा पुरायची नाही. लॅबमध्ये मी चुकीचा आकडा रिपोर्टवर जाऊ देत नाही, मग कुंडीवर कसा जाऊ देईन? कोणाच्या घरी दमा असेल आणि त्यांनी ह्या आशेने झाड नेलं, तर तो खेळ मला नको. मी सांगते, खिडकी उघडा. झाड बघायला ठेवा. सकाळी उठून नवं पान किती उलगडलं ते बघण्यात जे मिळतं ते पुरेसं आहे. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबाखिया मी देतच नाही. त्याचा रस तोंडात गेला तर सुया टोचल्यासारखी आग होते. अशा घरी स्पायडर प्लांट जातं.

आता शनिवारचं. त्या बाणेरच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं, इतकं सविस्तर नाही, पण सांगितलं. ती थोडी गप्प झाली. मग विचारलं, "उरलेली सहा कधी तयार होतील?" मी उठून लेबलं बघितली. तीन पीस लिली 14 तारखेला, दोन सिंगोनियम 19ला. सहावं तिला पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट हवं होतं, आणि तसं एकच पिल्लू माझ्याकडे आहे, गेल्या रविवारी कंदापासून वेगळं केलेलं. त्याचा घाव अजून सुकतोय. त्याला श्रावण उजाडेल म्हटलं.

"चालेल," ती म्हणाली, "माझं नाव लिहून ठेवा त्याच्यावर."

लिहिलंय. आईंनी वहीत नऊ रोपं जमेत धरली आणि सहांपुढे पेन्सिलीने तारखा टाकल्या. शुक्रवारी संध्याकाळी नऊ कुंड्या निथळून, खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवायच्या आहेत, आणि शनिवारी सकाळी लॅबला जायच्या आधी, ऊन वाढायच्या आत, ॲक्टिव्हावरून दोन खेपा.